सुमतीचं काम

समता कॉलोनी, रायपूर
१० फेब्रुवारी २००२

प्रिय बाई,

स. न. वि. वि. ही चार अक्षरं न घालता पत्र सुरू केलं तर आई म्हणते, तार लिहून राहिली का व? म्हणून घातली. आता बोलते.

परवा आपल्या गल्लीत शूटिंग झालं. खरंच. राज्य वेगळं झाल्यापासून रायपुरात ज्याच्याकडे थोडे पैसे आणि एक हौशी मेहुणा आहे, तो पिक्चर काढतो. समोरच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर हिरॉइनला रडायचं होतं. उन्हात रडून रडून तिला तहान लागली. आईची खाट आता खिडकीशी आहे, तिनं तिथूनच हाक मारून तिला वर बोलावलं, पाणी दिलं, आणि कोणाची पोट्टी व तू, म्हणून तिचं गाव-गोत विचारायला लागली. तिला मराठीतलं काही कळलं नाही, पण ती प्रत्येक प्रश्नाला हव दाई, हव दाई, म्हणजे हो आई, म्हणत बसली. ती गेल्यावर आईनं निकाल दिला की पोट्टी बारीक आहे, लग्नातली आपली विनू, म्हणजे तू, हिच्याहून बरी दिसत होती.

आणि मला आपला पिक्चर आठवला. आठवतो ना तुला? गच्चीवर पापडांना राखण बसायचो आणि 'सामाईक भिंत' वाचायचो. त्या पुस्तकाचं पहिलं पान फाटलेलं होतं, लेखिका कोण ते आपल्याला शेवटपर्यंत कळलं नाही. इंदू आणि सुमती, लागून दोन घरं, मधे एक भिंत, आणि भिंतीतली ती सुटी वीट, जी काढून दोघी एकमेकींना वाटी द्यायच्या. इंदू आजारी पडते, सुमती पलीकडून येऊन तिचं सगळं करते, आणि इंदू बरी होऊन नवऱ्याच्या बदलीच्या गावी निघून जाते तेव्हा सुमती ती वीट परत बसवते. आपण दोघी तिथे दर वेळी रडायचो, आणि मग डोळे पुसून पिक्चरमध्ये कोण कोण घ्यायचं ते ठरवायला बसायचो. नियम तुझाच होता, की सिनेमातले लोक घ्यायचे नाहीत, दोघींनी पाहिलेलीच माणसं घ्यायची, आणि त्यांना सांगायचं नाही. इंदूचा नवरा म्हणून दवाखान्यातला तो कुरळ्या केसांचा कंपाउंडर. सासू म्हणून आपल्या मुख्याध्यापिका पद्मिनीबाई. सुमतीचा नवरा म्हणून सदर बाजारातला घड्याळजी, कारण तो कधी बोलायचाच नाही. आणि सुमती तू. इंदू सुमतीला 'बाई' म्हणते, म्हणून मी तुला तेव्हापासून बाई म्हणते, ते तू माझी वहिनी झालीस तरी सुटलं नाही.

तर आता नव्यानं सगळी निवड करायची. जुने नट म्हातारे झाले. कंपाउंडरच्या डोक्यावर एक केस नाही. तू नावं सुचव.

आईचं मांडीचं हाड जुळलं असं डॉक्टर म्हणतात, पण ती उभी राहत नाही. दिवसा सोनकुंवर येते, तिचं सगळं करते. मी सहाला ऑफिसातून परत येते, मग पुढचं मी. बढती मिळाल्यापासून माझं टेबल मंत्रालयात आहे. मंत्रालय म्हणजे तेच आपलं जुनं हॉस्पिटल. शिपाई म्हणतो, तुमच्या टेबलाच्या जागी आधी प्लास्टर घालत असत. मला वाटतं, मलाही थोडं घालून घ्यावं.

राज्यांची वाटणी झाली म्हणून दादाच्या ऑफिसात कोणाला कुठे राहायचं, भोपाळ की रायपूर, ते विचारताहेत म्हणे. त्याला म्हणावं, रायपूर आता राजधानी आहे. काय ते समजून घे.

लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नकोस.

तुझी
वनू


भोपाळ
२४ फेब्रुवारी २००२

प्रिय वनू,

नात्यानं मी मोठी, वयानंही तीन महिन्यांनी, तेव्हा आशीर्वाद द्यायचा हक्क माझा. पण आशीर्वाद दिला की म्हातारं वाटतं, म्हणून नमस्कारच घे.

पत्र वाचून मी एकटीच हसत होते. निधी म्हणाली, मम्मी, क्या हुआ? तिला सांगितलं की तुझ्या आत्याला पिक्चर काढायचा आहे. तिनं विचारलं, हीरो कौन है. मी म्हटलं, हीरो नाहीच, दोन बायका आणि एक भिंत आहे. तर म्हणते, फिर कौन देखेगा? पंधराव्या वर्षी आपण हा प्रश्न विचारला नव्हता.

माझी नावं अशी. इंदूच्या नवऱ्यासाठी आमच्या वरच्या मजल्यावरचे नीलकंठराव. रोज सकाळी ते बायकोला हाक मारून स्वतःचा चष्मा विचारतात, आणि चष्मा त्यांच्या डोळ्यांवर असतो. सासूसाठी तू म्हणशील ती. इंदूसाठी मात्र माझं अडतं. इंदू सुंदर हवी, आजारी हवी, आणि तिचा राग येता कामा नये. असं माणूस मला भेटलेलं नाही.

माझी बातमी. इथल्या मराठी मंडळाचं वाचनालय बंद पडायला आलं होतं. ते सांभाळायला मला विचारलं आणि मी हो म्हटलं. दुपारी दोन ते सहा. मानधन नावापुरतं आहे, पण वनू, माझ्याकडे किल्ली आहे. मी जाईपर्यंत दार उघडत नाही. एक खुर्ची आहे, ती माझी. कोणी दुसरं त्या खुर्चीवर बसलं तर मला पाहून उठतं. तुला हे हसण्यासारखं वाटेल, तुझ्या हाताखाली माणसं आहेत. मी मात्र पहिल्या दिवशी घरी येऊन किल्ली उशीखाली ठेवून झोपले.

रायपूरचं म्हणशील तर हे म्हणतात, अजून काही ठरलेलं नाही. मी विचारलं की पेपर उघडतात. निधी यंदा नववीत जाईल, पुढच्या वर्षी बोर्ड. आणि तुझ्यापाशी लपवून काय करू, रायपूरचं नाव निघालं की मला माझ्या हातांना फिनाइलचा वास येतो. बाबांच्या अर्धांगाची ती वर्षं. मी तक्रार करत नाही. वास येतो, एवढंच सांगते.

आईंना माझा नमस्कार. सोनकुंवरला जपा, अशी माणसं मिळत नाहीत.

'सामाईक भिंत' मला एकदा पाठव. निधीला वाचून दाखवीन, तिचं मराठी बघता बघता जाईल.

आहे हे प्रेम असंच चालू दे.

तुझी
विनू


समता कॉलोनी, रायपूर
१७ मार्च २००२

प्रिय बाई,

स. न. वि. वि. झाले.

तुझ्या किल्लीचं वाचून आनंद झाला. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, विनूले वाचाले कधी वेळ भेटत होता काय, बरं झालं आता. तुझ्यासारखीला काय, वाचनालय कुठेही मिळेल. आपल्याकडेही मराठी मंडळ आहेच, तिथली कपाटं तर कोणी उघडतही नाही.

पुस्तक शंकरभाऊजींबरोबर पाठवते आहे, ते मुलाला भेटायला भोपाळला निघालेत. पानं सुटी झाली आहेत, सांभाळ. नीलकंठराव मला पसंत. सासूच्या कामासाठी मला आमच्या सेक्शनची विजया मॅडम सुचते. फाइल परत करताना ती अशी उसासा टाकते की फाइलनं माफी मागावी. इंदूचं माझंही ठरत नाही, पण सुमतीचा प्रश्नच नाही. तुझ्याशिवाय ते काम दुसऱ्या कोणाला जमणारच नाही. सुमती कशी, कोणी सांगायच्या आधी उठते. बाबांच्या वेळी तू अशीच होतीस. बाबा खाकरले की तू उठलेली असायचीस, मला जाग यायची तोवर तू पुन्हा येऊन झोपलेली. पिक्चर काढणाऱ्यानं नुसता तुझ्यासमोर कॅमेरा ठेवावा, तुला काही सांगावं लागणार नाही.

आईला हल्ली गोंधळायला होतं. बाबांचा चहा झाला का म्हणून विचारते. आणि सोनकुंवरला ती विनू म्हणते. विनू, पाणी दे, विनू, कूस बदलून दे. सोनकुंवरही ओ देते. बघ, तिच्या मनात अजून तूच आहेस. मला तर ऐकून भरून येतं.

मागच्या खोलीला चुना मारून घेतला. निधीला अभ्यासाला तीच बरी पडेल, गल्लीचा आवाज येत नाही. कॉलेज रोडच्या शाळेत चौकशी केली, नववीला जागा आहेत म्हणतात. सोनकुंवरला सांगून टाकलं की जूनपासून तू दुसरं काम पाहिलंस तरी चालेल. बिचारी रडली, पण आधी सांगितलेलं बरं, नाही का?

होळीला तुझ्या हातच्या पुरणपोळ्यांची आठवण काढून बाजारच्या खाऊ.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
वनू


भोपाळ
७ एप्रिल २००२

प्रिय वनमाला,

नमस्कार.

पुस्तक पोचलं. पत्रही. पत्राला उत्तर द्यायला उशीर केला, कारण लगेच दिलं असतं तर ते तुला वाचवलं नसतं. आताचंही वाचवेल की नाही, माहीत नाही.

आधी पुस्तकाचं सांगते. निधीला रोज थोडं वाचून दाखवलं. संपलं तेव्हा मी रडत होते आणि ती माझ्याकडे बघत होती. मग तिनं विचारलं की इंदूनं जाताना सुमतीचा हिसाब किया था कि नहीं? मला कळेना, कसला हिशेब. ती म्हणाली, पगार का. मम्मी, वो बाई थी ना उनकी.

वनू, ती पूर्ण पुस्तकभर सुमतीला मोलकरीण समजत होती. इंदू तिला बाई म्हणते, म्हणून. इथे बाई म्हणजे झाडू-पोछावाली, दुसरा अर्थ या मुलांना माहीतच नाही. तुझ्या पत्रांवर 'प्रिय बाई' पाहूनही ती मागे एकदा म्हणाली होती की बुआ आपको बाई क्यों लिखती है, अच्छा नहीं लगता. तेव्हा मी हसले होते. आताही हसले. तिला समजावलं की मराठीत बाई म्हणजे मान असतो, प्रेम असतं, शाळेतल्या बाईंनाही बाईच म्हणतात. ती म्हणाली, ओके. पण मग तिनं मला विचारलं की सहेली थी, तो इंदू उसके घर कभी क्यों नहीं गई?

मी उत्तर शोधायला पुस्तक पुन्हा वाचलं. या वेळी निधीच्या डोळ्यांनी, सुमती पगारी मोलकरीण आहे असं धरून. मला वाटलं होतं, दहा पानांत कुठेतरी अडखळेन. एकही वाक्य अडलं नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ वाचता आलं. विटेतून वाटी जाते, तीही नेहमी भरून सुमतीकडून जाते आणि रिकामी होऊन परत येते. इतक्या वर्षांत आपल्या दोघींपैकी एकीलाही ते दिसलं नव्हतं.

आता तुझ्या पत्राचं. आई सोनकुंवरला विनू म्हणतात, त्यानं तुला भरून येतं. मला आलं नाही. त्यांना माझी आठवण येत नाही, वनू. जी खाटेखालचं भांडं उचलते, तिचं नाव त्यांच्या लेखी विनू आहे.

आणि मागची खोली, कॉलेज रोडची शाळा, जूनपासून सोनकुंवरला रजा. माझ्या घरात हे म्हणतात, अजून काही ठरलेलं नाही, आणि तुझ्या घरात चुनासुद्धा वाळला. तुला कोणी सांगितलं? एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे. हा पिक्चरचा खेळ तू आठवण आली म्हणून काढलास, की मला सुमतीचं काम द्यायचं होतं म्हणून?

तुझी किल्लीवरची ओळही मी पुन्हा पुन्हा वाचली. तुझ्यासारखीला वाचनालय कुठेही मिळेल.

विनोदिनी


समता कॉलोनी, रायपूर
१६ एप्रिल २००२

सौ. विनोदिनीवहिनी यांस,
वनमालाचा सा. न. वि. वि.

'बाई' तुम्हाला लागत असेल तर हा घ्या तुमचा मान.

उत्तर हवं आहे ना. संक्रांतीला दादा आला होता तेव्हा आईच्या खाटेवर बसून, तिचा हात हातात घेऊन, रायपूर लिहून देतो असं त्यानं सांगितलं. माझ्यासमोर. मी काही तुमच्या पाठीमागे कट केला नाही. नवऱ्यानं बायकोला सांगितलं असेल असं धरून चालले, ही माझी चूक असेल तर आहे.

आता माझंही ऐका. तुम्हाला बाबांची आठ वर्षं दिसतात. तुम्ही दोघं भोपाळला गेलात त्याला बारा होतील. या बारा वर्षांत आईच्या डोळ्यांचं मी केलं, तिचं पित्त, तिचा रक्तदाब, तिचं पडणं, तिचं रडणं, सगळं मीच. दोन वेळा बघायला आलेल्यांना मी नाही म्हटलं, कारण ते आईसकट मला न्यायला तयार नव्हते. तुम्ही दिवाळीला चार दिवस यायचात, तुमच्या साड्या वाळत पडायच्या, दादासाठी आई खाटेवरून उठून रवा भाजायची, आणि तुम्ही निघालात की चार दिवस ती माझ्याशी बोलायची नाही. जणू तुम्हाला मी घालवलं. मी कोणाला पत्रातून हातांचा वास सांगितला नाही.

तुम्ही गेल्यापासून मला खरंच वाटत आलं, पुस्तकातली सुमती मीच आहे. गच्चीवर मी तुम्हाला सुमती म्हणायची, कारण मला ती इंदूहून आवडायची आणि तुम्हीही आवडायचात. पण दादाच्या बदलीबरोबर निघून जाणारी कोण आणि भिंतीपाशी उरणारी कोण, हे निधीला विचारा. तिचे डोळे बरे आहेत.

खेळ मी आठवण आली म्हणूनच काढला. बाकीचंही मनात होतं. एका मनात दोन्ही राहू शकतं. रोज रात्री आईला कूस बदलून देताना माझी पाठ धरते, तेव्हा मला कोणाला तरी हाक मारावीशी वाटते, आणि तुमच्याशिवाय दुसरं नाव मला येत नाही. त्याला तुम्ही कट म्हणा.

सोनकुंवर चैत्रातच चालली. तिला सदर बाजारात एका सराफाकडे काम मिळालं. जूनपर्यंत कोण थांबणार.

लोभ मागणं आता शोभत नाही. असेल तर असू द्या.

वनमाला


भोपाळ
५ मे २००२

प्रिय वनू,

तू कितीही वहिनी लिही, मला तुला प्रिय वनूच लिहावं लागतं. दुसरं लिहून पाहिलं, शाई पुढे जाईना.

तुझं पत्र आलं त्या दिवशी यांच्यापुढे, चहाच्या कपाशेजारी, मी दोन्ही पत्रं ठेवली, तुझं मार्चचं आणि हे. पेपर उघडायला जागा ठेवली नाही. यांनी दोन्ही वाचली. मग चहा ढवळायला लागले, साखर मी आधीच ढवळून दिलेली होती.

ढवळता ढवळता बोलले. संक्रांतीला आईंचा हात हातात होता, आईंच्या डोळ्यांत पाणी होतं, तू दारात उभी होतीस. नाही म्हणवलं नाही, म्हणून हो म्हणाले. भोपाळला येऊन त्याच आठवड्यात भोपाळ लिहून दिलं. इथे पुढची जागा त्यांची ठरलेली आहे, रायपुरात ती दुसऱ्याला मिळाली असती. परवा विभागणीची यादी लागली. भोपाळ कायम.

मी विचारलं, मग वनूला का सांगितलं नाही? म्हणाले, यादी लागली की सांगणारच होतो, सरकारनं दिलं नाही म्हणून. मी विचारलं, आणि मला का नाही सांगितलं? त्याचं उत्तर मीच देते. ते वाट पाहत होते की मी रायपूरला यायला नाही म्हणेन. मग तुला सांगता आलं असतं की विनोदिनी तयार नाही. मी नाही म्हणाले नाही, फक्त विचारत राहिले, त्यामुळे त्यांची पंचाईत झाली.

बघ, मला हवं होतं तेच झालं. किल्ली राहिली, खुर्ची राहिली, निधीची शाळा राहिली. पण मला कोणी विचारून हे झालं नाही. उद्या हेच उलटं झालं असतं तरी मला असंच, चहाच्या कपाशी, कळलं असतं. म्हणून आनंद करता येत नाही. तुझी बारा वर्षं आणि माझी आठ आपण दोघी एकमेकींना मोजून दाखवत होतो, आणि ज्याच्यासाठी आई रवा भाजायला उठायच्या, तो पेपर वाचत होता.

इंदूचं अडलं होतं ना आपलं? सुंदर हवी, आजारी हवी, आणि तिचा राग येता कामा नये. मला माणूस मिळाला. इंदूच्या कामासाठी निरंजन. लग्नानंतर उखाण्याशिवाय हे नाव मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. सुमतीसाठी आपण दोघी भांडत होतो, पुस्तकात ती एकच असल्यामुळे.

पण वनू, हे कळलं म्हणून तुझं पत्र मी विसरेन असं नाही. तू साड्या वाळत पडायच्या असं लिहिलंस. त्या चार दिवसांत चारही दिवस सकाळची पोळी कोणी लाटली, ते तुला आठवलं नाही. आणि मलाही तुझी दोन स्थळं माहीत नव्हती. मी कधी विचारलं नाही. वीट मी बसवत नाही. पण त्या भोकातून आता पूर्वीसारखी वाटी जाईल असं मला वाटत नाही.

सोनकुंवरला सराफाकडून परत बोलाव, किंवा दुसरी कोणी बघ. यांना मी सांगितलं आहे, तिचा पगार दर महिन्याला ते पाठवतील. पावसाळ्यात वाचनालय पंधरा दिवस बंद असतं, तेव्हा मी येईन. पण पाहुणी म्हणून येईन. मागच्या खोलीत झोपेन, सकाळी तू मला चहा करून दे. आईंपाशी बसेन, त्यांना वाचून दाखवीन. भांडं उचलणार नाही. हे वाक्य दोनदा खोडलं, तरी पुन्हा लिहिलं.

होतं त्यातलं जेवढं उरलं असेल, तेवढं जपू.

तुझी
विनू


समता कॉलोनी, रायपूर
२३ जून २००२

प्रिय विनू,

स. न. वि. वि.

तुझ्या पत्राला लगेच लिहिलं नाही. दादाचा फोन आला होता. सरकारनं दिलं नाही, असंच म्हणाला. मी बरं म्हटलं. तुझ्यासमोर खरं बोलला आणि माझ्यासमोर पुन्हा तेच, म्हणजे नट चांगला निवडलास.

सोनकुंवर आली नाही. सराफाच्या घरी तिला जिना चढावा लागत नाही आणि कोणी दुसऱ्याच नावानं हाक मारत नाही, असं तिनं सांगितलं. तिच्या जागी दोघी येऊन गेल्या, टिकल्या नाहीत. मी बिनपगारी रजा टाकली आहे. माझ्या टेबलावर तात्पुरतं म्हणून विजया मॅडमच्या भाच्याला बसवलंय. तात्पुरतं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. परवा काही कागद द्यायला गेले, तर तो खुर्चीवरून उठला नाही. तेव्हा मला तुझी किल्ली कळली.

तू पावसाळ्यात ये. चहा मी करीन. भांड्याचं मनात आणू नकोस, मला आता सवय झाली आहे, आणि तू नाही म्हणालीस ते बरं केलंस. हे मी चांगुलपणानं लिहीत नाही, मला अजून तुझा रागच आहे. तुला सांगायचं ते वेगळंच आहे.

आई मला ओळखत नाही. म्हणजे ओळखते, पण विनू म्हणून. सुरुवातीला मी दर वेळी सांगायची, आई, मी वनमाला. ती माझ्याकडे बघून हसायची, जणू मी काही थट्टा करते आहे. आता मी सांगत नाही. विनू, पाणी. विनू, हळू. मी ओ देते.

काल दुपारी तिचं अंग पुसत होते. पाठ पुसून झाली, दुसऱ्या कुशीवर वळवायचं होतं आणि मला एकटीला ते जमेना. मी म्हटलं, आई, थोडा जोर लाव, माझ्या एकटीच्यानं होत नाही. तिला वाटलं, मी कोणाला तरी हाताशी बोलावते आहे. तिनं माझा हात धरला, दाराकडे बघितलं, आणि हळूच सांगितलं की विनू, वनमालाले नको बोलावू व, तिचा अभ्यास चालू आहे. तू आहेस ना.

मी तिला वळवलं. मग खिडकीशी बसून राहिले. खाली गल्लीत पोरं शूटिंग-शूटिंग खेळत होती.

पुस्तक येताना आण. इंदूनं सुमतीला शेवटी काय म्हटलं होतं, ते मला आठवत नाही. काही म्हटलं होतं का?

तुझी माया मागत नाही, वाट पाहते.

वनू